ठिपक्यांनी बांधलेलं पान

वर्डमध्ये उलट्या इंग्रजी पी-सारखं दिसणारं एक बटण असतं. फाइलमधली एरवी न दिसणारी चिन्हं ते दाखवतं. हिंगोलीतल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात वेबपान करायला एखादी फाइल आली, की मजकूर वाचायच्या आधी मी ते बटण दाबते. पानभर बारीक ठिपके आणि आडवे बाण उमटतात. ठिपका म्हणजे एकदा दाबलेला स्पेसबार, बाण म्हणजे टॅब. जावक क्रमांक डावीकडे, दिनांक उजवीकडे आणि दोहोंच्या मध्ये ठिपक्यांची लांबच लांब रांग. 'विषय'ची दुसरी ओळ पहिलीच्या बरोबर खाली यावी म्हणून पुन्हा ठिपके. पुढचा मुद्दा नव्या पानावर हवा, म्हणून एंटर, एंटर, एंटर.

छापलं की हे पान देखणं दिसतं. टंकलेखन यंत्रावर बसलेल्या हातांची ही पद्धत आहे. तिथं मोकळी जागा हवी असेल तर ती दाबूनच करावी लागे. यंत्र गेलं, संगणक आला, हात तेच राहिले. पण ब्राउझर ओळीतल्या कितीही स्पेस मिळून एकच धरतो. त्यामुळे वेबपानावर ही सगळी रांग आटते आणि दिनांक जावक क्रमांकाला जाऊन चिकटतो.

"फॉरमॅटिंग जसंच्या तसं ठेवा," असं सांगून लोक पेनड्राइव्ह देतात. मला आधी बघावं लागतं, की ते फॉरमॅटिंग आहे कुठं? फाइलमध्ये, की टाइप करणाऱ्याच्या नजरेत? बहुतेक वेळा ते नजरेत असतं. शीर्षक शीर्षक आहे हे त्याला ठाऊक असतं. फाइलला एवढंच ठाऊक असतं, की ही ओळ ठळक आणि मोठी आहे.

या कामातली सगळ्यात बोलकी फाइल म्हणजे माहितीच्या अधिकाराची 'सतरा मुद्द्यांची' माहिती. २००५ च्या कायद्यातल्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं १७ बाबी कुणी अर्ज करायच्या आधी, आपणहून प्रसिद्ध करायच्या असतात: कार्यालयाची रचना आणि कामं, अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्यं, निर्णय घेण्याची रीत, कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन, अंदाजपत्रक, अनुदानाच्या योजना, माहिती अधिकाऱ्याचं नाव आणि पद. कायदा झाल्यापासून १२० दिवसांत ती पहिल्यांदा द्यायची होती. पुढे ती दरवर्षी अद्ययावत करायची आणि लोकांपर्यंत नेताना स्थानिक भाषेचा विचार करायचा, असंही त्याच कलमात आहे.

अशी एक फाइल माझ्यासमोर उघडी आहे. कार्यालयाचं नाव सांगायचं कारण नाही. कुठल्याही तालुक्यातलं असू शकेल. आडव्या पानावर आठ रकान्यांचे तक्ते, जोडलेले चौकोन, अधोरेखित विषय, हातानं दिलेले अनुक्रमांक. आणि अक्षरं जुन्या फॉन्टमधली.

अक्षरांपासूनच सुरुवात करावी लागते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेल्या विंडोज २००० मध्ये मंगल हा फॉन्ट होता आणि युनिकोडमधली देवनागरी लिहायची सोय होती. खुद्द युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तीत देवनागरी होती. म्हणजे जिल्हा आणि टेबलावरच्या विंडोजमधलं युनिकोड जवळजवळ बरोबरीचे. पण टायपिंगच्या दुकानांत पुढेही बरीच वर्षं श्रीलिपी, आयएसएम, आकृती या सॉफ्टवेअरचे आणि कृतिदेवसारखे फॉन्टच चालले. ज्याचा हात ज्या कळपाटावर बसला, त्यानं तोच धरला.

या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर फाइलमध्ये साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढतो. कृतिदेवमध्ये 'हिंगोली' हा शब्द फाइलच्या लेखी एफ, जी, ए, एक्स, के, एस, वाय, एच असा असतो. एफ म्हणजे पहिली वेलांटी, जी म्हणजे ह, ए म्हणजे अनुस्वार, एक्स म्हणजे ग, के आणि एस म्हणजे काना व मात्रा, वाय म्हणजे ल, एच म्हणजे दुसरी वेलांटी. फॉन्ट असलेल्या संगणकावर हे सुरेख मराठी दिसतं. मोबाइलवर तो फॉन्ट नसतो, म्हणून तिथं ही आठ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

बदलून देणारी साधनं आहेत. पण ती वापरणाऱ्याला अक्षरांचा क्रम कळावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं टाइप होतं: पहिली वेलांटी आधी, व्यंजन नंतर. युनिकोडमध्ये बोलतो त्या क्रमानं: व्यंजन आधी, वेलांटी नंतर. रफाराचं नेमकं उलटं. 'कार्यालय' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये रफार 'या' झाल्यावर येतो. युनिकोडमध्ये तो य-च्या आधी जातो. सरकारी मराठीत अधिकारी, माहिती, नियम, निधी, कार्य, कर्तव्य, वर्ग, अर्ज या शब्दांवाचून एक ओळ सरत नाही, तेव्हा जवळजवळ प्रत्येक ओळीत काहीतरी मागं-पुढं करावं लागतं.

खरी अडचण ठळक अक्षरांपाशी येते. वर्डची डॉक्स फाइल म्हणजे दाबून बांधलेली एक झिप असते; आत एक्सएमएलमध्ये मजकूर तुकड्यातुकड्यांनी ठेवलेला असतो. फॉन्ट, आकार किंवा ठळकपणा बदलला की नवा तुकडा. कुणी घाईत अर्धाच शब्द निवडून ठळक केला असेल, तर वेलांटी एका तुकड्यात आणि तिचं व्यंजन दुसऱ्या तुकड्यात. तुकडे वेगवेगळे बदलले तर वेलांटी लोंबकळत राहते. सगळा मजकूर एकत्र करून बदलला तर ठळकपणा जातो, शिवाय मधले खरे इंग्रजी शब्द, ई-मेलचे पत्ते, बँकेचे संकेतांक यांचंही 'मराठी' होऊन बसतं. म्हणून आधी अर्धवट ठळक शब्द पूर्ण करून घ्यायचे, मग प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट बघून फक्त जुन्या फॉन्टचे तुकडे बदलायचे.

आणि मग 'शेतकऱ्यांना'. या जिल्ह्याच्या कागदांत हा शब्द नाही असं पान शोधून काढावं लागेल. त्यातला र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन. दुसरी, साधा र, हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण वेबपान स्वच्छ करणारं एखादं साधन ते अदृश्य चिन्ह कचरा समजून काढून टाकतं, आणि 'शेतकर्यांना' असा भलताच शब्द तयार होतो. शोधतानाही संगणक या दोन तऱ्हा वेगळ्या मानू शकतो. म्हणून मी सगळीकडे ऱ करून घेते.

अक्षरं मार्गी लागली की वर्डच्याच 'सेव्ह ॲज'मधून वेबपान का करत नाही, असं गिऱ्हाईक विचारतं. करता येतं, आणि तिथं फॉरमॅटिंग खरोखरच जसंच्या तसं राहतं, हीच त्याची गोची. वर्ड २००० च्या काळात ही सोय अशा बेतानं केली होती, की वेबपान पुन्हा वर्डमध्ये उघडलं तर काहीही हरवू नये. म्हणून प्रत्येक परिच्छेदाला वर्डच्या खाणाखुणा चिकटवल्या जातात: समास, अंतर, फॉन्टची नावं, ब्राउझरला न कळणारे गुणधर्म. दोन ओळींच्या मजकुराभोवती वीस ओळींचं सामान. 'फिल्टर्ड' हा पर्याय त्यातलं बरंच गाळतो, पण मुळात शीर्षक नसलेल्या ओळीचं शीर्षक करणं त्याच्याही हातात नाही.

म्हणून वेबचं काम मी वर्डमध्येच सुरू करते. 'शोधा आणि बदला'मध्ये मजकुराऐवजी रूप शोधता येतं. मधोमध, ठळक, १६ पॉइंट असलेली प्रत्येक ओळ शोधायची आणि तिला 'हेडिंग १' ही शैली द्यायची. उपशीर्षकांना 'हेडिंग २'. हातानं टाकलेले अनुक्रमांक काढून खरी यादी करायची. ठिपक्यांच्या रांगा काढून, जिथं दोन गोष्टी खरोखर समोरासमोर हव्यात तिथं तक्ता किंवा उजवी बाजू द्यायची. हे झालं की पॅनडॉकसारखं साधन उरलेलं काम क्षणात करतं. बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे मोफत साधन ओळ दिसते कशी यापेक्षा तिला नाव काय दिलंय हे बघतं. 'हेडिंग १' असेल तर शीर्षक. नुसती ठळक आणि मोठी असेल तर ठळक परिच्छेद, बस्स.

त्या सतरा मुद्द्यांच्या फाइलसोबत आलेले लिपिक शेजारीच बसले होते. पडद्यावर नव्या पानाचं रूप बघून त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, कागदावर जसं हाये तसंच दिसलं पाहिजे. साहेब प्रिंट समोर ठेवून बघतेत."

"दादा, साहेब टेबलावर बघतील. पण सेनगावचा माणूस मोबाइलवरच बघणार ना? एवढ्याशा पडद्यावर आडवं पान मावायचं कसं?"

मी त्यांचाच मोबाइल घेऊन त्यांना जुनं रूप दाखवलं. आठ रकाने एकमेकांवर चेपलेले, एकेका रकान्यात एकेक अक्षर खाली उतरलेलं. अधोरेखित विषयावर त्यांनी आपसूक बोट ठेवलं. काहीच उघडलं नाही. वेबवर अधोरेखित म्हणजे दुवा. कागदावरचा जोर इथं फसवतो.

"मग रेघ काढा," ते म्हणाले. "पण तक्ता मोडू नका बरं का."

तक्ता मोडायचा नव्हताच. 'पदनाम' हा चौकोन चार ओळींना मिळून एक होता. काही साधनं असा जोड सोडून देतात आणि खालच्या तीन ओळी कुणाच्या हे कळत नाही. तो जोड मी हातानं घातला, पहिल्या ओळीला शीर्षकाची ओळ म्हणून नाव दिलं आणि तक्ता तेवढाच आडवा सरकेल असं केलं. दोन्हीकडून समान केलेल्या ओळी डावीकडून लावल्या, कारण अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये भगदाडं पडतात. वर्डमध्ये ओळीची उंची ठरावीक पॉइंटांत बांधली होती. ती तशीच आली असती तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले गेले असते. तीही सैल केली. मुद्द्यांपुढचे बाण विंगडिंग्ज फॉन्टचे होते, म्हणजे तीही रोमन चिन्हं वेश पालटून आलेली. तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर बाणाच्या जागी तिरकी रेघ मारलेलं शून्य दिसतं. साधे ठिपके दिले. शेवटी पानाची भाषा मराठी असल्याची खूण घातली. पाकळीचा ल आणि देठाचा श, ही शासनानं २००९ मध्ये मराठीसाठी ठरवलेली वळणं, काही फॉन्ट ही खूण दिसली तरच काढतात.

तपासणी दोघांची. लिपिक मूळ प्रिंट मोठ्यानं वाचत गेले, मी पडद्यावर डोळा ठेवून. आकडे दोनदा.

या सगळ्याला एक सोपी पळवाट आहे, आणि ती सर्रास घेतली जाते: कागद स्कॅन करून पीडीएफ चढवायची. शिक्का, सही, समास, सगळं हुबेहूब. पण ते नुसतं चित्र असतं. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची माहिती अशा चित्रात असेल, तर 'वसमत हळद' शोधणाऱ्याला त्या पानातला शब्द सहसा सापडत नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाचा मोबाइल ते सहसा वाचून दाखवू शकत नाही. जुन्या फॉन्टमधलं पान तर तो वाचतो, पण एफ, जी, ए, एक्स असं. रूप शंभर टक्के टिकलं आणि माहिती पोचलीच नाही, असा हा सौदा आहे.

म्हणून मी आता गिऱ्हाइकाला आधीच सांगते, की कागदाचं दिसणं मी ठेवणार नाही. कागदाला जे म्हणायचंय ते ठेवीन. शीर्षक शीर्षक राहील, चौकोन त्याच्या ओळीचा राहील, ऱ हा ऱ राहील. फॉन्ट, समास आणि पानाची रुंदी ही वाचणाऱ्याच्या पडद्याची बाब.

त्या लिपिकांना मी वेबपानासोबत शैली दिलेली युनिकोडमधली वर्ड फाइलही परत दिली. कायद्यानं ती माहिती पुढच्या वर्षी पुन्हा अद्ययावत करायची आहे. बदली झालेल्या अधिकाऱ्यांची नावं आणि अंदाजपत्रकाचे आकडे त्याच फाइलमध्ये बदलले, की पान तयार. त्यासाठी त्यांना आमच्या दुकानात यायची गरज नाही. फक्त नवी ओळ लिहिताना स्पेसबारवर अंगठा धरून बसायचं नाही.