‘आज रात्री साडेनऊला वीज कापणार’ म्हणे!

परवा मुलुंडला आईच्या फोनवर मेसेज: ‘बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापणार.’ खाली कुणाचा तरी मोबाईल नंबर. आई फोन लावणारच होती, मी थांबवलं.

यातली मेख बघा. फोन केला की ते स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावतात, मग ‘फक्त दहा रुपये भरा’. कार्डाचा नंबर, ओटीपी, सगळं त्यांना दिसतं.

वीज कायदा २००३, कलम ५६ लक्षात ठेवा. बिल थकलं तरी १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. म्हणजे ‘आज रात्री’ हीच फसवणुकीची खूण! पैसे गेलेच, तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० लावा. आणि हा भाग आईबाबांना ऐकवाच.