खो कुणाला मिळतो?

पी.टी.च्या तासाची घंटा झाली, की निम्मा वर्ग दप्तरं टाकून जिन्याकडे पळतो. उरलेल्यांत एकीचं पोट दुखतं, एकाचे बूट घरी राहिलेले असतात. पिंपरी-चिंचवडमधल्या, मोशी-चाकण बाजूच्या एका शाळेतला सातवीचा वर्ग. वडील कंपनीत पहिल्या पाळीला, खोली भाड्याची, गाव लातूर, परभणी नाहीतर थेट बिहार. पटावर अशीच मुलं जास्त.

पोटदुखी खरीही असते. पण बऱ्याचदा ती संघ पाडताना सुरू होते. दोन कॅप्टन आळीपाळीने नावं घेतात आणि शेवटी उरलेल्याला ‘तू घे, तू घे’ म्हणत एकमेकांकडे ढकलतात. वर्गासमोर असा लिलाव झालेलं पोर पुढच्या आठवड्यात बूट विसरणारच. इथल्या बाई म्हणूनच सगळ्यांना एका रांगेत ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणायला लावतात. झाले संघ.

खेळ खो-खो. 8 जण उलटसुलट तोंडं करून पाट्यांवर बसलेले, नववा पाठलागावर. त्याला उलटं फिरता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. खो द्यावाच लागतो. तरी चपळ पोरं आपापसातच खो फिरवत होती. तिसऱ्या पाटीवरची मुलगी बोटं जमिनीला टेकवून तयार होती. पोरं तिच्या पाठीमागून निघून जात राहिली. मग ती सैल झाली, मुरमातले खडे वेचू लागली. आणि नेमका तेव्हा खो आला. उठायला उशीर झाला. “अगं ऊठ ना!” सगळे एकदम ओरडले.

बाईंनी शिट्टी वाजवली. “सगळ्यांना एकेक खो मिळेपर्यंत कुणी बाद नाही,” एवढंच म्हणाल्या. चपळ पोरांनी तोंडं वाकडी केली. खेळ मंदावला, हे खरं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकलेल्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे याच पिंपरी-चिंचवडची; अशा खेळाडू घडवायला शाळा सुटल्यावरचा वेगळा सराव लागतो. तासाला मात्र सगळ्या वर्गाने पळायला हवं, असं माझं मत.

बूट विसरलेल्याला बाईंनी गुण लिहायला बसवलं होतं. आधी तो वहीत रेघोट्या मारत होता. थोड्या वेळाने “फाउल! खो यायच्या आधीच उठला!” म्हणून भांडायला लागला. दुसरा डाव लागताना त्याने पेन ठेवून विचारलं, “बाई, अनवाणी चालेल?”

बाईंनी मैदानावरून एक नजर फिरवली आणि त्याला दोनच्या रांगेत उभं केलं.