आपली तालीम, आपल्या शिरस्त्याने



आपल्या गावात मारुतीच्या देवळाजवळ एखादी जुनी तालीम असेल. तिच्या दाराला कुलूप आहे की काय, तेवढे आज संध्याकाळी पाहून या. कुलूप असेल तर ते का लागले, हे वडीलधाऱ्यांना विचारा. बहुधा उत्तर येईल, "वस्ताद गेले, देणगी थांबली, पोरं तालुक्याच्या जिममध्ये जायला लागली." यातली शेवटची गोष्ट कारण नव्हे, तो परिणाम आहे. देणगी थांबली आणि तालीम बंद पडली, हे मात्र विचार करण्यासारखे आहे. कोणाच्या मेहेरबानीवर न राहता लहानशी तालीम चालवता येते काय? येते. ती कशी, हे औंधच्या उदाहरणाने पाहू.

औंध हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराखाली वसलेले गाव. संस्थानी काळात, आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी आणि कुंडल ही गावेही औंधच्याच अमलाखाली होती. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. तरुणपणी, १८९७ च्या सुमारास, त्यांना सँडो या जगप्रसिद्ध शरीरसाधकाच्या पद्धतीची गोडी लागली. सँडोची साधने आणि पुस्तके त्यांनी मागवली आणि दहा वर्षे नेमाने मेहनत केली. राजघराण्यात पैशाची वानवा नव्हती. तरीही १९०८ मध्ये, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून, त्यांनी आपले जुने सूर्यनमस्कार हाती धरले आणि ते जन्मभर सोडले नाहीत. १९०९ मध्ये ते गादीवर आले. पुढे त्यांनी संस्थानच्या शाळांतून नमस्कार सुरू केले, मुलांना आणि मुलींनाही. १९२८ मध्ये त्यांनी नमस्कारांवर चित्रपट काढवला. १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले.

आता यातली गोम पाहा. सँडोची साधने राजाला परवडत होती. आटपाडीच्या मेंढपाळाच्या पोराला ती परवडली नसती. नमस्काराला काय लागते? साडेतीन हात जमीन आणि सकाळची वेळ. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले, राजाश्रय संपला, पण नमस्कार राहिले. त्यांच्यावर खर्चच नव्हता, तर ते बंद कशाने पडणार? उलट संस्थानिकांच्या पदरी असलेल्या मल्लांचा खुराक मात्र संस्थानांबरोबर आटला. मंडळी, दुसऱ्याच्या थैलीवर उभे राहिलेले काम त्या थैलीचे तोंड मिटले की बसते. तालीम चालवणाऱ्याने हे आधी मनावर कोरून ठेवावे.

म्हणून पहिला शिरस्ता असा की, ज्याची दुरुस्ती गावात होत नाही असे साधन आरंभी घेऊ नये. यंत्राचा पट्टा तुटला की शहरातून कारागीर आणावा लागतो, तोवर यंत्र गंजत पडते. जोर, बैठका, नमस्कार, लाकडी मुद्गल, चढायला एक दोर आणि तेल पाजलेला एक मल्लखांब एवढ्यावर उत्तम शरीर कमावता येते. मुद्गल गावचा सुतारही घडवील.

दुसरी गोष्ट हौद्याची. तांबडी माती चाळून, खडे वेचून घ्यावी. तिच्यात तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस घालून ती मुरू द्यावी. पण माती एकदा घातली म्हणजे झाले, असे नव्हे बरं का! ती रोज खणावी लागते, नाहीतर दगडासारखी आवळते आणि पोरांची हाडे दुखावतात. खणणे हीही मेहनतच आहे. खोरे धरण्याची पाळी मात्र सर्वांची सारखी असावी, पाटलाच्या पोराची आणि मजुराच्या पोराचीही.

तिसरी गोष्ट पैशाची. समजा, तीस जण येतात आणि महिन्याला पन्नास रुपये देतात. दीड हजार जमले. वर्षाचे अठरा हजार. वीज, तेल, हळद, माती आणि पावसाळ्यापूर्वीची छपराची डागडुजी एवढ्यात काटकसरीने भागू शकते. हिशेब दर महिन्याला दारावरच्या फळ्यावर लिहावा. ज्याला वर्गणी जमत नाही, त्याचे नाव मात्र वस्तादाच्या वहीतच राहावे. ते फळ्यावर येऊ नये. चारचौघांत लाजवलेला पोरगा पुन्हा फिरकत नाही.

वर्गणी म्हणजे भीक नव्हे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले ते लोकांनी गोळा केलेल्या पैशावर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर त्यासाठी आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

देणगी मुळीच घेऊ नये काय? घ्यावी, पण अट घालून घेऊ नये. निवडणुकीच्या तोंडावर कोणी चकचकीत यंत्र देऊ करतो आणि त्यासोबत आपल्या नावाची पाटी आणतो. त्याला नम्रपणे सांगावे, "दादा, छपराला चार पत्रे द्या, पाटी नको." पाटी लागली की निम्मे गाव बाहेर राहते. तालीम कोणा एका भावकीची किंवा पक्षाची झाली, की ती गावाची उरत नाही.

वस्तादाचे शिरस्तेही थोडे आणि पक्के असावेत. वेळ ठरलेली, ती वस्तादाने आधी पाळावी. तंबाखू दाराबाहेर. महिन्याभरात दंड फुगवणारी सुई किंवा अनोळखी भुकटी कोणी आणली, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवावे. एक वर्गणी बुडेल, पण दहा पोरांची शरीरे वाचतील. खुराकाचे म्हणाल, तर भाकरी, डाळ, मोडाची मटकी, दूध, शेंगदाणे यांनी सुरुवात चांगली होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे तर मैदान आहे. सकाळी शाळेआधी वीस मिनिटे नमस्कार घ्या. मुलींना वगळू नका. औंधच्या शाळांनी त्यांना वगळले नव्हते. पहिल्या आठवड्यात पाच-दहाच नमस्कार घाला. श्वास आणि कंबर यांच्याकडे लक्ष ठेवा, संख्या मागाहून आपोआप वाढेल. ज्या मुलाला धाप लागते किंवा छातीत दुखते, त्याला थांबवून डॉक्टरांना दाखवा.

तेव्हा मंडळी, कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, याचा आधी तपास करा. पहिल्या दिवशी पाचच पोरे आली तरी चालेल. त्यांच्या हाती खोरे द्या आणि माती खणायला लावा. सहावा आपोआप दारात येऊन उभा राहील.