अर्धवट माहितीची ओढ

कुतूहल अज्ञानातून जन्मते, हा समज अर्धाच खरा आहे. ज्या विषयाचा गंधही नाही, त्याबद्दल माणसाला सहसा काही विचारावेसेच वाटत नाही. सगळे ठाऊक असेल तर विचारण्याची गरज नसते. अमेरिकेतील अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये याची नीट मांडणी केली. जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक व्हावे असे वाटते, त्यांच्यातली फट जाणवली की मन बेचैन होते, आणि ती बुजवण्याची धडपड म्हणजे कुतूहल. अर्थात फट जाणवायला आधी थोडीफार माहिती पदरी असावी लागते.

निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षपट्ट्यात ही फट दर वर्षी ठरल्या वेळी उघडते. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की नवे फुटवे येतात, त्यांच्या काड्या होतात आणि काडीवरच्या डोळ्यांत भर उन्हाळ्यातच सूक्ष्म घड तयार होऊ लागतात. ते बाहेर येणार मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर. मधले सगळे महिने घड डोळ्यात असतो, किंवा नसतो. वरून पाहून काही कळत नाही. त्या काळात आभाळ झाकोळलेले राहिले, काडीला ऊन कमी मिळाले, तर घडाऐवजी नुसती बाळी (वेलीचा ताणा) निघण्याची भीती असते. म्हणून छाटणीच्या तोंडावर बागेच्या वेगवेगळ्या भागांतून काड्या कापून प्रयोगशाळेत नेतात. तिथे एकेक डोळा ब्लेडने कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला जातो. तळापासून मोजत कितव्या डोळ्यात घड आहे, तो भरीव आहे की बारीक, हे पाहिले जाते आणि त्या डोळ्याच्या थोडे पुढे कात्री मारायची असे ठरते.

उत्तर हाताशी आहे, पण झाकलेले आहे. अशा स्थितीत मेंदूत काय घडते, यावर कॅलिफोर्नियात दोन महत्त्वाचे प्रयोग झाले. 2009 मधील प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले आणि उत्तराची खात्री किती, कुतूहल किती, असे दोन्ही विचारले. कुतूहल सर्वाधिक होते ते धड माहीत नाही आणि अगदीच अनोळखीही नाही अशा प्रश्नांबद्दल. कुतूहल वाढले की बक्षिसाच्या अपेक्षेने जागे होणारे मेंदूतले भाग जागे होत. अंदाज चुकलेला असला तरी, ज्याची उत्सुकता होती ते उत्तर पुढे लोकांच्या अधिक लक्षात राहिले.

2014 मधील दुसरा प्रयोग आणखी मजेशीर आहे. प्रश्न दाखवल्यानंतर उत्तरासाठी 14 सेकंद थांबवले आणि त्या वेळात पडद्यावर मध्येच एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला. त्या चेहऱ्याचा प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता. तरीही ज्या प्रश्नाबद्दल कुतूहल जास्त होते, त्याच्या वेळी पाहिलेला चेहराही नंतर जास्त ओळखता आला. म्हणजे उत्सुक मन फक्त उत्तरच टिपत नाही, त्या वेळी आसपास असलेलेही उचलून ठेवते. जाणता बागायतदार शेजारच्या बागेत सहज चक्कर मारायला गेला तरी चार गोष्टी टिपून येतो, त्यामागे हेच असावे.

अशा टिपण्यातूनच द्राक्षाच्या नव्या जाती आल्या आहेत. महाराष्ट्रात थॉमसन सीडलेस रुजल्यानंतर तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी त्यातूनच वेगळी निवड केली, ती तास-ए-गणेश. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधूनच लांबट मण्यांची सोनाका निवडली. वेलीच्या एखाद्या भागात आपोआप बदल होतो, ही वनस्पतिशास्त्राची नेहमीची गोष्ट. तो बदल डोळ्यांत भरायला मात्र मूळ जात पुरती ओळखीची असावी लागते. नवख्याला सगळेच घड सारखे दिसतात, त्यामुळे त्याला प्रश्नच पडत नाही. कुतूहल हे अनुभव वाढला की कमी होणारे बालपणीचे लेणे आहे असे मानणाऱ्यांनी ही उदाहरणे जरूर पाहावीत.

बागेत मण्यांच्या फुगवणीसाठी घड ज्या जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात बुडवतात, त्याचे मूळही अशाच एका विचित्र निरीक्षणात आहे. जपानी शेतकऱ्यांना भाताची काही रोपे वेड्यासारखी उंच वाढून मरताना दिसत. शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवले की या रोगाची बुरशी गाळून काढली तरी उरलेल्या द्रावणाने रोपे तशीच वाढतात. म्हणजे बुरशी काहीतरी रसायन सोडत असली पाहिजे. त्यातून पुढे जिबरेलिन हाती आले. द्राक्षाचा तेव्हा कुणाच्या मनातही विचार नव्हता.

आता प्रेरणेचा प्रश्न. पोटासाठी किंवा बक्षिसासाठीच प्राणी शिकतात, हे मत 1950 च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्या माकडांनी अडचणीत आणले. खिट्ट्या-कड्यांची कोडी ती कोणतेही आमिष नसताना सोडवत बसत. आत खाऊ ठेवल्यावर उलट चुका वाढल्या. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत तीच मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले होते, त्यांच्यावर असा परिणाम दिसला नाही. यावरून बक्षीस वाईट असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. द्राक्षाला भाव मिळाला नाही तर नुसत्या कुतूहलावर बाग उभी राहत नाही. मात्र आवडीच्या कामाला आधीच सौद्याचे रूप दिले की आवड मागे पडू शकते, एवढे नक्की.

शिकवण्याच्या पद्धतीचाही असाच परिणाम होतो. 2011 मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना अनेक करामती दडलेले एक खेळणे दिले. ज्यांना मोठ्यांनी 'हे असे चालते' म्हणून एक करामत मुद्दाम शिकवली, ती मुले तेवढीच करत बसली. ज्यांच्यासमोर ती जणू चुकून घडली, त्यांनी उरलेल्या करामती शोधून काढल्या. लंडनमध्ये बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या संशोधकांनी चार वर्षांच्या मुलींचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा घरी आईला ताशी सरासरी 26 प्रश्न विचारणाऱ्या मुली बालशाळेत जेमतेम दोन विचारत असल्याचे आढळले. आपल्याकडे पाठांतराच्या वर्गात वेगळे काही सापडेल असे वाटत नाही.

बागेत, मोठ्यांच्या बाबतीत, त्या मुद्दाम शिकवलेल्या करामतीची जागा फवारणीच्या तयार वेळापत्रकाने घेतली आहे. सल्लागार दिवसागणिक काय फवारायचे ते लिहून देतात, मोबाइलवर पानाचा फोटो टाकला की औषधाचे नाव येते. डाऊनी (केवडा रोग) आली असताना हे हवेच. तिथे कुतूहलापेक्षा वेग महत्त्वाचा. चूक झाल्यास किंमतही मोठी असते, कारण फसलेला प्रयोग म्हणजे गेलेला हंगाम. म्हणून चौकस बागायतदार नवे औषध किंवा नवा खुंट आधी एखाद्या ओळीवर पाहतो आणि शेजारची ओळ जुन्याच पद्धतीने ठेवतो. फक्त वेळापत्रकावर चालणाऱ्या बागेत तुलनेला अशी ओळच नसते, त्यामुळे पीक साधले तरी कशाने साधले हे कळत नाही. काडी तपासणीचेही तसेच. 'अमुक डोळ्यावर छाटा' एवढी चिठ्ठी मिळाली तर त्या वर्षाची छाटणी उरकते. कापलेला डोळा सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहिला, तर एका ओळीत घड भरीव आणि दुसरीत बारीक का, याचा विचार बांधावर सुरू होतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये काड्यांची विरळणी कशी करायची इथपर्यंत पोचतो.