करवंदाची जाळी आणि ‘पडीक’ हा शब्द

मागच्या वेळी आपण ‘उपयोग’ आणि ‘मूल्य’ यांतला फरक पाहत होतो. आज त्याचंच एक साधं उदाहरण घेऊ, करवंदाचं. लहानपणी आपल्यातल्या बऱ्याच जणांनी करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ हा खेळ खेळला असेल. आत लाल निघालं की कोंबडा, पांढरट निघालं की कोंबडी. म्हणजे फळ आपल्याला माहीत आहे. झुडूप मात्र आपण नीट पाहिलेलं नसतं.

करवंद कण्हेरीच्या कुळातलं. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो कुळाचाच गुण. आता काटा पाहा. गुलाबाचा काटा सालीचा असतो, बाजूला दाबला की निघून येतो. करवंदाचा तसा निघत नाही, कारण फांदीच्या टोकाच्या कळीचंच तिथे काट्यांच्या जोडीत रूपांतर झालेलं असतं. टोक काटा झालं की फांदीला सरळ पुढे जाता येत नाही. मग बाजूचे डोळे फुटतात, दोन फांद्या होतात, त्यांच्याही टोकांना पुन्हा काटे. असं होत होत जो गुंता तयार होतो, त्याला आपण ‘जाळी’ म्हणतो. काट्याने झुडपाचं रक्षण होतं हे खरंच; पण झुडपाचा आकारही तोच ठरवतो, बरं का.

ही जाळी भेटते सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर, कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर. माती जेमतेम, पावसाळ्यात धो धो पाणी, उन्हाळ्यात तापलेला कातळ. तरी ती बारमाही हिरवी. गुरं आत तोंड घालत नाहीत, म्हणून दुसऱ्या झाडांची रोपं तिच्या आडोशाला जगतात. बुलबुल फळं खातात, बिया दूर नेऊन टाकतात. एप्रिल-मे महिन्यांत घाटरस्त्यांवर आदिवासी बाया पानांच्या द्रोणांत करवंदं विकतात, त्यावर त्यांच्या घरात चार पैसे येतात.

आणि अशा जमिनीला आपण काय म्हणतो? ‘पडीक’!

आम्ही ज्या टेकडीवर वर्षानुवर्षं फिरायला जात होतो, तिथली जाळी प्लॉट पाडण्यासाठी जेसीबीने एका सकाळीत साफ केली. पुढे त्याच जागी रोपं लावली, लोखंडी पिंजऱ्यांसकट. पिंजऱ्याचं काम जाळी आधीपासून फुकट करतच होती, नाही का?

तेव्हा ‘पडीक’ हा शब्द जमिनीबद्दल काही सांगतो, की तो वापरणाऱ्याबद्दल? विचार करून या. पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.