मग ते गाणे रचले कोणी?

आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळात मागे एका शनिवारी मुलांना ‘बॅक टू द फ्यूचर’ हा चित्रपट दाखवला. रॉबर्ट झेमेकिस यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत प्रदर्शित झाला. इतका जुना चित्रपट आजच्या मुलांना रुचेल की नाही, अशी मला धाकधूक होती. पहिल्या दहा मिनिटांतच ती गेली. जवळजवळ दोन तास वर्गात नुसता हशा चालला होता. दिवे लागल्यावर मात्र नववीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “सर, मग ते गाणे रचले कोणी?”

मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. “पुढच्या शनिवारी सांगतो,” म्हणून वेळ मारून नेली. तो आठवडा कसा गेला, ते आता सांगतो.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी कथा. कॅलिफोर्नियातल्या हिल व्हॅली नावाच्या काल्पनिक गावात मार्टी हा सतरा वर्षांचा मुलगा राहतो. एमेट ब्राऊन हा विक्षिप्त शास्त्रज्ञ त्याचा दोस्त. मार्टी त्याला ‘डॉक’ म्हणतो. डॉकने एका डिलोरियन मोटारीचे कालयंत्र बनवले आहे. मोटारीने ताशी ८८ मैलांचा वेग गाठला आणि यंत्राला १.२१ गिगावॅट वीज मिळाली, की ती ठरवलेल्या तारखेला जाऊन पोचते. ही युक्ती डॉकला सुचली कशी? न्हाणीघरात घड्याळ टांगताना तो संडासाच्या भांड्यावरून घसरला आणि त्याचे डोके आपटले, तेव्हा! आर्किमिडीजची गोष्ट त्या मानाने सभ्यच म्हणायची.

२६ ऑक्टोबर १९८५ च्या मध्यरात्रीनंतर काही बंदूकधारी पाठीस लागतात, म्हणून मार्टी मोटार भरधाव सोडतो आणि थेट ५ नोव्हेंबर १९५५ मध्ये जाऊन पडतो. परतायला इंधन नाही. त्यात मोटारीखाली सापडणाऱ्या एका मुलाला तो ढकलून वाचवतो. तो मुलगा म्हणजे त्याचे होणारे वडील. मूळ इतिहासात त्या अपघातामुळेच आईवडिलांची ओळख झालेली असते. आता आईचे मन बसते ते मार्टीवर, म्हणजे स्वतःच्याच होणाऱ्या मुलावर! आईवडील एकत्र आले नाहीत, तर मार्टी जन्मणारच नाही. त्याच्या खिशातल्या फोटोतून आधी थोरला भाऊ आणि मग बहीण पुसट होत जातात.

शेवटी शाळेतल्या नृत्याच्या कार्यक्रमात सगळे मार्गी लागते. तिथे गिटारवादकाच्या हाताला इजा होते, म्हणून मार्टी गिटार घेतो आणि ‘जॉनी बी. गुड’ हे गाणे वाजवतो. हे गाणे चक बेरी या गायकाचे. ते बाहेर आले १९५८ साली. तो जखमी वादक चकचा भाऊबंद दाखवला आहे. तो धावत जाऊन चकला फोन लावतो आणि ते सूर ऐकवतो. मार्टीला गाणे ठाऊक ते चकमुळे, आणि चकला ते कळले मार्टीकडून. त्या मुलीचा प्रश्न होता तो हाच.

विजेचा हिशेब

पण आधी मोटारीकडे पाहू; मुलांचे बाकीचे प्रश्न तिच्याविषयीच होते. १.२१ गिगावॅट म्हणजे १२१ कोटी वॅट. दोन किलोवॅटचे सहा लाख गीझर एकाच वेळी चालू केले, तर एवढी वीज लागेल. आपल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून स्थापित क्षमता १९६० मेगावॅट, म्हणजे १.९६ गिगावॅट आहे. डॉकला कोयनेच्या साठ टक्क्यांहून अधिक वीज एका मोटारीत कोंबायची आहे! (चित्रपटात ‘गिगावॅट’चा उच्चार ‘जिगोवॅट’ असा ऐकू येतो. तुम्ही परीक्षेत तसा लिहू नका.)

१९५५ मध्ये एवढी वीज आणायची कोठून? गावच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर १२ नोव्हेंबरच्या रात्री दहा वाजून चार मिनिटांनी वीज पडणार, हे मार्टीला १९८५ मधल्या एका पत्रकावरून माहीत असते. मनोऱ्यापासून रस्त्यावर तार ओढायची आणि नेमक्या त्या क्षणी मोटार तारेखालून न्यायची, असा बेत ठरतो. यात शास्त्र किती? वॅट हे शक्तीचे एकक आहे, ऊर्जेचे नव्हे. ऊर्जा किती वेगाने मिळते ते वॅट सांगतात. आकाशातल्या विजेची शक्ती क्षणभर १.२१ गिगावॅटच्या पुष्कळ वर जाते, तेव्हा डॉकची मागणी अवाजवी नाही. पण तिची एकूण ऊर्जा ढोबळमानाने एक अब्ज ज्यूल धरतात. घरच्या मीटरवर ती सुमारे २८० युनिट भरेल, आणि तीही बहुतेक हवा तापवण्यात व गडगडाटात खर्च होते. १.२१ गिगावॅटच्या दराने ती वापरली, तर एक सेकंदही पुरणार नाही. डॉकलाही पुरवायची असते ती क्षणभरच, म्हणून येथे पटकथाकारांना पूर्ण गुण द्यायला माझी हरकत नाही.

कुत्रा आणि २२ कोटी वर्षे

कालयंत्राची पहिली चाचणी डॉक आपल्या कुत्र्यावर करतो. त्याचे नाव आइन्स्टाइन! मोटार अदृश्य होते आणि एका मिनिटाने पुन्हा प्रकट होते. कुत्र्याचे घड्याळ डॉकच्या घड्याळापेक्षा बरोबर एक मिनिट मागे असते.

मित्रांनो, गंमत अशी, की येथे दिशा बरोबर आहे. १९०५ साली खऱ्या आइन्स्टाइनने दाखवून दिले, की गतिमान घड्याळ स्थिर घड्याळाच्या मानाने सावकाश चालते. प्रवासाहून परतलेल्या घड्याळात कमी वेळ झालेली असते, म्हणजेच प्रवासी तेवढा भविष्यात पोचतो. प्रश्न आहे तो आकड्यांचा. वेग प्रकाशवेगाच्या मानाने लहान असेल, तर मागे पडण्याचे प्रमाण काढणे सोपे आहे: वेगाला प्रकाशवेगाने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि त्याची निमपट घ्या. ताशी ८८ मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. प्रकाशवेग सेकंदाला ३० कोटी मीटर. गणित वहीत करून पाहा. तासभर असे धावल्यावर कुत्र्याचे घड्याळ सुमारे ३१ पिकोसेकंद मागे पडेल, आणि एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग! पूर्ण एक मिनिट मागे पडण्यासाठी मोटार सुमारे २२ कोटी वर्षे न थांबता पळवावी लागेल. आज एक मिनिट हवे असेल, तर पृथ्वीवर डायनोसॉर नुकतेच अवतरले होते त्या सुमारास कुत्र्याला निघायला हवे होते.

हे खरे कशावरून? विश्वकिरणांमुळे वातावरणात उंचावर म्युऑन नावाचे कण निर्माण होतात. त्यांचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी तेवढ्यात ते साधारण ६६० मीटर जातील. तरीही दहा-पंधरा किलोमीटर उंचीवरून निघालेले म्युऑन जमिनीवर सापडतात. असा कण म्हणजे एक घड्याळच आहे आणि वेगात असताना ते सावकाश चालले पाहिजे, हे १९३८ साली ज्यांनी दाखवून दिले त्यांत आपले डॉ. होमी भाभा होते. त्यानंतर १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत डोंगरावरच्या व पायथ्याच्या नोंदी ताडून ते पडताळले. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची आण्विक घड्याळे साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. वेग, पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे आणि उंचीवरचे कमी गुरुत्वाकर्षण यांचा तो एकत्रित परिणाम होता, आणि सापेक्षतावादाच्या गणिताशी तो जुळला.

आपल्या पुराणातला ककुद्मी राजा मुलगी रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकी गेला आणि परत येईतो पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली, ही कथा तुम्ही ऐकली असेल. पुराणकारांना सापेक्षतावाद ठाऊक होता, असा अर्थ मात्र त्यातून काढू नका. कल्पना करणे निराळे आणि किती नॅनोसेकंद ते आधी सांगणे निराळे.

मागे जायचे तर

पुढे जाता येते हे ठरले. मागे जाता येईल का? येथे पदार्थविज्ञान एकदम सावध होते, पण साफ ‘नाही’ असेही म्हणत नाही. १९४९ साली कुर्ट गोडेल या गणितज्ञाने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून एक फिरते विश्व काढून दाखवले. त्यात पुढे पुढे जाणारा प्रवासी स्वतःच्या भूतकाळात येतो. आपले विश्व तसे फिरताना आढळत नाही. १९८८ मध्ये किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या ‘कृमिविवरा’तून मागे कसे जाता येईल ते मांडले. पण ते विवर उघडे ठेवायला ऋण ऊर्जेचा साठा लागतो, आणि तेवढा साठा कोणालाही मिळालेला नाही. निसर्गच असली यंत्रे बनू देत नसावा, असा तर्क १९९२ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी मांडला. २००९ साली त्यांनी कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रणे मेजवानी उरकल्यावर काढली. कोणीही आले नव्हते!

समजा, गेलोच मागे. मग आपल्या आईवडिलांचे लग्न मोडता येईल का? जोसेफ पोल्चिन्स्की या शास्त्रज्ञाने या प्रश्नातून माणसे काढून टाकली आणि एक चेंडू ठेवला. आपण कॅरमची सोंगटी घेऊ. सोंगटी विवरात शिरते, थोडी आधीच्या वेळी बाहेर येते आणि विवराकडे निघालेल्या स्वतःलाच धडकून बाजूला उडवते. मग ती विवरात शिरलीच कशी? थॉर्न यांच्या विद्यार्थ्यांनी गणित मांडून पाहिले. त्यांना असे मार्ग सापडले, की बाहेर आलेली सोंगटी स्वतःला जोरात धडकत नाही, नुसती चाटून जाते. आणि त्या चाटण्यामुळेच ती विवरात थोडी तिरकी शिरते, म्हणून नुसती चाटते. सारे एकमेकांशी जुळते आणि इतिहास एकच राहतो. रशियन शास्त्रज्ञ नोव्हिकोव्ह यांचे म्हणणे हेच: मागे जाणारा जे करील, ते आधीच घडलेल्यात धरलेले असणार.

‘बॅक टू द फ्यूचर’ला हे मान्य नाही. १९५५ मध्ये उतरताच मार्टी एका शेतावरच्या दोन पाइन वृक्षांपैकी एक मोटारीने पाडतो. सुरुवातीला तिथल्या बाजारसंकुलाच्या पाटीवर ‘दोन पाइन’ आहेत, शेवटी ‘एकटा पाइन’. म्हणजे या चित्रपटात इतिहास बदलतो. मग फोटो आठवडाभर हळूहळू का पुसतो? भाऊ जन्मला किंवा नाही जन्मला. कमरेपर्यंत जन्मला असे होत नाही. इतिहास बदलायलाही काही वेळ लागतो असे म्हणावे, तर तो वेळ मोजायला आणखी एक काळ हवा. आणि तिन्ही भावंडे नाहीशी झाली, तर रिकाम्या अंगणाचा फोटो कोणी कशाला काढला असता?

बदलत्या इतिहासाला थोडा आधार आहे तो अनेक विश्वांच्या कल्पनेचा. ह्यू एव्हरेट यांनी ती १९५७ मध्ये पुंजयांत्रिकीत मांडली. मार्टी मागे गेला तो दुसऱ्या विश्वात, असे धरले की मूळ विश्व जागच्या जागी राहते. डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचलेल्यांना अशी विश्वे परिचयाची आहेत.

आता गाण्याकडे येऊ. इतिहास एकच असेल, तर गाणे मार्टीकडून चककडे आणि चककडून मार्टीकडे नुसते फिरत राहते. यात कोणी मरत नाही, काही विसंगत होत नाही, समीकरणे तक्रार करत नाहीत. तरी मनाला पटत नाही. असे समजा, की उद्याच्या गणिताच्या पेपराची उत्तरे आजच तुमच्या हाती पडली. तुम्ही ती उतरवलीत, कागद जपून ठेवलात आणि मोठेपणी मागे जाऊन स्वतःलाच दिलात. मग गणिते सोडवली कोणी? डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. ज्ञान निर्माण व्हायला कोणाला तरी खटपट करावी लागते. येथे ते खटपटीवाचून आयते मिळते. आजोबांना मारण्याच्या कोड्यापेक्षा मला हे कोडे अवघड वाटते.

पुढच्या शनिवारी मी त्या मुलीला सांगितले, की चित्रपटात इतिहास बदलतो, तेव्हा मूळ इतिहासात गाणे चकनेच रचलेले असणार. फोनवर त्याला त्याचेच गाणे आधी ऐकू आले, इतकेच. तिने क्षणभर विचार केला. “म्हणजे दुसऱ्या इतिहासात त्याने ते रचलेच नाही. त्याचे कष्ट चोरले की, सर!” मला हे सुचले नव्हते. खरा चक बेरी (१९२६ ते २०१७) स्वतःच्या बळावर नाव मिळवलेला कलावंत होता. त्याचे श्रेय एका गमतीसाठी एका शाळकरी पोराला देऊन टाकणे मला त्या दिवसापासून खटकते.

मग मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. १९७७ साली सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. परग्रहावरच्या कोणाच्या हाती ती लागलीच, तर त्याला पृथ्वीवरचे संगीत ऐकता यावे, हा हेतू. तिच्यावर ‘जॉनी बी. गुड’ आहे, रचनाकार चक बेरी. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही आहे. व्हॉयेजर-१ आता पृथ्वीपासून दोन हजार कोटी किलोमीटरांहून अधिक दूर गेले आहे.

“सर, ती भैरवी आपल्याला ऐकता येईल?” मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले. येत होती. साडेतीन मिनिटांची आहे. आम्ही ती दोनदा लावली.