गाडीवर बंदी आलीच नव्हती

मंगरूळपीरच्या कुठल्याही जुन्या गॅरेजवर आरएक्स १०० चा विषय काढावा, तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. ही गाडी इतकी पळायची की सरकारला तिच्यावर बंदी घालावी लागली, ही पहिली. अमक्याने पैज लावून तिच्यावर वीस मिनिटांत वाशीम गाठलं, ही दुसरी. आणि तिसरी तिच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे राजदूत ३५० ची, की ती माणसं खायची. गेली काही वर्षं मी या गोष्टी टिपून ठेवत आलो आहे. त्यांत खरं किती आणि वाढीव किती, हे तपासण्याचा हा प्रयत्न.

दोन्ही गाड्यांचं मूळ जपानच्या यामाहाचं, आणि भारतात त्या काढल्या एस्कॉर्ट्सने. राजदूत ३५० आली १९८३ मध्ये. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. आरएक्स १०० आली १९८५ मध्ये. ९८ सीसी, ताकद ११ अश्वशक्ती. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० बाजारात उतरली. तिचं इंजिन जवळपास तेवढंच, ताकद मात्र सातच्या आसपास. फरक होता इंजिनाच्या जातीत. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एक फेरा सोडून. म्हणून किक मारल्यापासून पहिल्या दोनशे मीटरांत आरएक्सपुढे शंभर सीसीची दुसरी गाडी टिकत नसे. दंतकथेचा एवढा भाग खरा आहे.

आता बंदी. टू-स्ट्रोकची ताकद जिथून येते तिथूनच तिचा दोषही येतो. ताजं पेट्रोल आत येत असताना जळका वायू बाहेर जाण्याची वाटही उघडी असते. त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच निसटतं, आणि सोबत जळलेल्या ऑइलचा निळा धूर. १९९६ मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं. पण तिच्याच वंशाची आरएक्स १३५ त्यानंतरही बरीच वर्षं विकली जात होती. वेग हा गुन्हा असता, तर मोठ्या इंजिनाची गाडी कशी चालली असती? कायद्याने बंदी घातली ती वेगळ्याच गोष्टीवर. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. बंदी शर्यतीवर होती, गाडीवर नव्हे. गोष्ट सांगणाऱ्यांनी नेमकी उलटापालट केली.

वीस मिनिटांत वाशीम? अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. म्हणजे ताशी १२० चा सरासरी वेग, तोही गावं, वळणं, बैलगाड्या आणि समोरून येणारी एसटी धरून. आरएक्स १०० चा कमाल वेगच शंभरच्या आगेमागे. सरासरी कमाल वेगापेक्षा जास्त असू शकत नाही, हे गणित सातवीतल्या पोरालाही कळतं. शिवाय हा पराक्रम स्वतः पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटतो तो पाहणाऱ्याच्या मावसभावाचा मित्र. हीच गोष्ट कारंज्यात ऐकली तर रस्ता बदलतो, मिनिटं तीच राहतात. लोककथा अशाच गावोगाव फिरतात.

राजदूत ३५० ची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. जपानी मूळ गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. इथे ती आधी ३०.५ आणि पुढे २७ वर आणली, कारण पेट्रोल परवडलं पाहिजे. पण मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम आला. टू-स्ट्रोकमध्ये अॅक्सिलेटर सोडला तरी इंजिन फारसं अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर पडतो. तेव्हा धोका होताच. तरी ती बंद पडली ती माणसं खाल्ल्यामुळे नव्हे. मायलेज मोजून गाडी घेणाऱ्या देशात तिची पेट्रोलची भूक आणि महागडे सुटे भाग लोकांना झेपले नाहीत.

अमेरिकेतही असंच घडलं. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून मोठ्या इंजिनाच्या मोटारींची लाट आली. पुढे विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी ती ओसरली. तिथल्या शौकिनांच्या आठवणीत मात्र दोषी एकटं सरकार. हिशेबाने हरलेल्या गाडीपेक्षा बंदीने हरलेली गाडी आठवायला बरी वाटते.

इथवर सगळं गमतीचं. पण टिपलेल्या गोष्टी एकत्र वाचल्यावर एक बाब मला खटकली. जिंकणाऱ्याचं नाव, गाडीचा रंग, पैजेची रक्कम, सगळं असतं. पडलेल्याचं नाव नसतं आणि डोक्यावर हेल्मेट होतं का, हेही कुणी सांगत नाही. ‘गाडीने नेला’ म्हटलं की पैज लावणारे सुटतात, टाळ्या वाजवणारेही सुटतात. आज या गाड्या दुपटी-तिपटीने विकत घेणारी विशी-पंचविशीतली पोरं याच गोष्टींवर वाढली आहेत. म्हणून वीस मिनिटांची गोष्ट पुन्हा कानावर आली, तर तीन प्रश्न विचारावेत : कुठून कुठवर, घड्याळ कुणाच्या हातात होतं, आणि मागे राहिलेल्याचं पुढे काय झालं. पहिल्या दोन प्रश्नांवर लोक हसतात. तिसऱ्यावर, माझा अनुभव आहे, कुणीतरी हळूच एक नाव सांगतं.